काटा ११ हजारांवर, गाडी १० वर्षांची : जुनी पोर्शे बॉक्स्टर किंवा केमन घेण्याआधी

‘पहिला मालक, फक्त ११ हजार किलोमीटर, पावसात कधी काढलेली नाही.’ मुंबई-पुण्यातल्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत ही ओळ हमखास भेटते, आणि गिऱ्हाईक तिथेच निम्मे विरघळते. १० वर्षांत ११ हजार म्हणजे आठवड्याला जेमतेम २० किलोमीटर. तशी ती नियमाने चालते असेही नाही. चार महिने कव्हरखाली उभी, मग एखाद्या रविवारी लोणावळ्यापर्यंत, मग परत कव्हर. रोजच्या वापराच्या गाडीत कमी रनिंग ही जमेची बाजू असते. इथे ती चौकशीची सुरुवात आहे.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात दोन सीटांची खरी स्पोर्ट्स कार म्हणून जी नावे पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांत पोर्शेची बॉक्स्टर आणि तिचे बंद छपराचे भावंड केमन आहे. म्हणून हीच गाडी समोर ठेवू. इंजिन मध्यभागी, सीटच्या मागे; पुढे एक डिकी, मागे एक डिकी.

आधी पिढ्या ओळखा, कारण निम्मी जोखीम तिथेच ठरते. ९८७ ही पिढी २००५ ते २०१२. पण तिचे दोन भाग आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे : २००८ पर्यंतच्या गाड्यांत जुने इंजिन, २००९ च्या मॉडेलपासून पूर्ण नवे इंजिन आणि पीडीके नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. २०१२ ते २०१६ ची पिढी ९८१. तिच्यात साधे मॉडेल २.७ लिटरचे आणि ‘एस’ ३.४ लिटरचे, दोन्हींना सहा सिलिंडर आणि टर्बो नाही. त्यानंतर ७१८ आली, चार सिलिंडर आणि टर्बो घेऊन. आवाजाच्या मोहापायी बरेच जण अजूनही ९८१ शोधतात, आणि त्यात चूक काही नाही.

२००८ पर्यंतच्या इंजिनाचे दोन आजार

पहिल्याचे नाव आयएमएस बेअरिंग. इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट असतो. क्रँकशाफ्ट त्याला साखळीने फिरवतो आणि तो पुढे कॅमशाफ्टच्या साखळ्या फिरवतो. या शाफ्टच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. काळानुसार सील ढिले होते, आतले ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नाही. ते फुटले तर टायमिंग चुकते, व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात जाते. २००६ ते २००८ च्या गाड्यांतले बेअरिंग आकाराने मोठे आहे, त्यामुळे ते क्वचित जाते. पण ते बदलायचे तर इंजिन दुभंगावे लागते. म्हणून ‘बेअरिंग बदलून घेतले आहे’ असे या वर्षांच्या गाडीबद्दल कोणी सहज सांगितले, तर इंजिन उघडल्याचे बिल मागा. २००९ पासूनच्या इंजिनात हा शाफ्टच नाही, विषय संपला.

दुसरा आजार सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा. पिस्टनवरचा लेप झिजतो, धातू धातूला घासतो आणि भिंतीवर उभ्या चिरा पडतात. ३.४ लिटरच्या ‘एस’मध्ये तो जास्त दिसतो. लक्षणे तीन : गरम इंजिनावर लयीत येणारी टक-टक, वाढलेला तेलाचा खप आणि सायलेन्सरच्या तोंडाशी जाड काजळी. खात्री मात्र एकाच मार्गाने होते. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत घालायचा, पिस्टन सर्वांत खाली आणून भिंत सगळ्या बाजूंनी पाहायची. सहाही सिलिंडर पाहा, पाच नव्हे. कडाक्याच्या थंडीत गाडी चालू करून लगेच पिदडणे हे या आजाराचे एक मोठे कारण मानले जाते. त्या हिशेबाने कोकणपट्टीतली गाडी थोडी सुदैवी. नव्या इंजिनात हे प्रमाण बरेच कमी आहे, तरी प्लग बदलायला निघालेच असतील तर कॅमेऱ्याला दहा मिनिटे द्यायला काय हरकत आहे?

सोबत ऑइल फिल्टरही उघडायला लावा. या इंजिनांना कागदी घड्यांचा फिल्टर प्लास्टिकच्या वाटीत बसतो. घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर ठेवायच्या आणि चुंबक फिरवायचे. चिकटलेले चमकदार कण पोलादाचे, म्हणजे बेअरिंग किंवा साखळीकडून आलेले. न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे, पिस्टन-सिलिंडरकडचे. काळे, कुस्करणारे तुकडे साखळीच्या प्लास्टिक पट्टीचे असू शकतात. हा सगळा खटाटोप एका ऑइल चेंजच्या खर्चात होतो.

थंड इंजिन, बंद तोंड

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा : आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर मागच्या भागावर हात ठेवून पाहा. कोमट लागली तर ‘जरा धुवायला काढली होती’ हे उत्तर ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

या इंजिनाचे सिलिंडर आडवे झोपलेले असतात. गाडी उभी असताना थोडे तेल सिलिंडरात झिरपते आणि चालू करताच निळसर धुराचा एक झोत निघतो. तो काही सेकंदांत विरला तर घाबरू नका. धूर थांबतच नसेल आणि भरपूर, पांढरट-निळा असेल, तर बहुधा एअर-ऑइल सेपरेटर नावाच्या भागाचा पडदा फाटला आहे. दुरुस्ती होते, फार मोठी नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांतली साखळीची खडखड क्षम्य. ती टिकली तर नाही. आयडलिंगवर गाडी अडखळत असेल तर इग्निशन कॉइल पाहा. उष्णतेने त्यांचे प्लास्टिक तडकते आणि पावसाळ्यात मिसफायर सुरू होतो.

या सगळ्या वेळात विकणारा खूप बोलतो, रेस देऊन दाखवतो. त्याला थांबवा. ऐकण्यासारखे त्यात काही नसते. ऐकायचे इंजिन आहे.

उभ्या गाडीचे काय बिघडते

टायर आधी पाहा. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर दगडासारखा कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर पकडच देत नाही. एकाच जागी महिनोन्‌महिने उभे राहिल्याने टायरला चपटा भाग येतो. ८० च्या वेगाला स्टिअरिंग आणि सीट थरथरते ती त्यामुळेही असेल. पोर्शेसाठी मंजूर टायरवर ‘एन’ आणि पुढे आकडा असतो. चारही त्याच जातीचे हवेत. पुढे एक कंपनी, मागे दुसरी अशी जोडणी दिसली, तर मालकाने आणखी कुठे कुठे हात आखडला असेल याचा अंदाज बांधा. ९८१ ‘एस’च्या १९ इंची चाकांना पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० लागतात. हे टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे चार टायरची किंमत आधी काढून सौद्यात धरा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून त्याला किलोमीटर नाही तर वर्षे लागू होतात : दर दोन वर्षांनी बदल. इंजिन ऑइलही वर्षाला एकदा, गाडी ५०० किलोमीटर चालली असली तरी. सर्व्हिस बुकात २०१९ नंतर थेट २०२४ चा शिक्का असेल, तर मधली पाच वर्षे तेच तेल आत बसून होते. ‘चालवलीच नाही हो’ हे इथे स्पष्टीकरण नाही, कबुली आहे.

सील आणि रबरी नळ्या वापराविना सुकतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे क्रँकशाफ्टचे मागचे सील असते. लिफ्टवर तिथे ओलसर डाग दिसला तर तो घासाघाशीचा मुद्दा, थेंब पडत असतील तर खर्चाचा. बॅटरी सतत उतरत राहिली असेल तर संगणकात डझनभर खोटे दोष साठतात. आणि उंदीर. बंद गॅरेजमधल्या गाडीत त्यांच्याइतके नुकसान क्वचितच कोणी करते. पुढच्या डिकीतला गालिचा आणि इंजिनावरचे झाकण उचलून लेंड्या, कुरतडलेले इन्सुलेशन, टेप गुंडाळलेल्या वायरी शोधा.

काटा खोटे बोलतो, तास बोलत नाहीत

चांगला स्कॅनर लावला की इंजिनाच्या संगणकातून एकूण चाललेले तास वाचता येतात. आता साधा भागाकार. ११ हजार किलोमीटर, ५०० तास : सरासरी ताशी २२. मुंबईच्या गर्दीत हे अगदी पटण्यासारखे. ११ हजार किलोमीटर आणि १,६०० तास : सरासरी ७ च्या आत. एवढ्या वेगाने माणूस चालतो-धावतो, पोर्शे नाही. काटा मागे फिरवला आहे असे समजा आणि निघा.

दुसरी नोंद ओव्हर-रेव्हची. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. संगणक हे विसरत नाही. नव्या इंजिनांत त्याचे सहा टप्पे असतात. पहिले तीन म्हणजे लाल रेषेला टेकणे, ते चालते. चार ते सहामध्ये आकडे दिसले तर शेवटची घटना कोणत्या तासाला झाली ते पाहा. १२० व्या तासाला झाली आणि आज ७०० आहेत, तर इंजिन त्यानंतर ५८० तास नीट चालले आहे. कालपरवाची असेल तर गाडी सोडा. पीडीके असा गिअर पडूच देत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळपास नसतो.

तिसरी गोष्ट मेकॅनिक बऱ्याचदा विसरतात : ‘एकही फॉल्ट नाही’ हे ऐकून थांबायचे नाही. कोड कधी पुसले ते विचारा. पुसल्यानंतर संगणकाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात, आणि त्या पूर्ण व्हायला बरेच ड्रायव्हिंग लागते. कोड शून्य, चाचण्याही अपूर्ण, म्हणजे तुम्ही येण्याच्या आधी कोणीतरी पाटी पुसून ठेवली आहे.

पाणी : आतले, वरचे आणि पुराचे

इंजिन मागे, पण रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांमागे. काही मॉडेलांत मध्ये तिसराही. त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. या तोंडांत वाळकी पाने, प्लास्टिक, माती जाऊन बसते, पावसात कुजते आणि ॲल्युमिनियम पोखरते. टॉर्च मारून पाहा. नीट साफ करायचे तर बंपर उतरवावा लागतो. एसी अर्धा तास लावून गर्दीत उभे राहा : गारवा कमी झाला किंवा तापमानाचा काटा सरकू लागला तर पंखे, कंडेन्सर, कूलंट यांपैकी कुठेतरी पाणी मुरते आहे. कूलंट पंपाजवळ गोडसर वास किंवा वाळलेला पांढरा-गुलाबी डाग दिसला तर पंप बदलण्याचा खर्च धरा. जुन्या पंपाच्या प्लास्टिक पात्यांचे तुकडे मोडून पाण्याच्या वाटांत अडकतात, म्हणून तो फुटायची वाट पाहू नये.

बॉक्स्टरच्या कापडी छपराच्या पन्हाळीतले पाणी बारीक नळ्यांतून खाली जाते. त्या पानांनी तुंबल्या की पाणी सीटमागून आत उतरते. सीटखालचा गालिचा दाबून पाहा, वास घ्या. छप्पर तीनदा उघडा-मिटा. ९८१ मध्ये त्याला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. मधेच अडखळले, एक बाजू मागे राहिली, तर यंत्रणेत बिघाड आहे.

पुरात सापडलेली गाडी ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मालक सीट धुतो, बेल्टच्या आतल्या गुंडाळीतली गाळाची रेषा विसरतो. सीटच्या रुळांवरचा गंज, कनेक्टरमध्ये हिरवट कीट, दिव्यांच्या आत वाफ, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात बारीक चिखल. इंजिनाने पाणी ओढले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. अशी गाडी महिने-महिने चालते, आणि मग एक दिवस रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरात दाबाने हवा भरून किती गळते ते मोजताना, सहाही सिलिंडर जवळपास सारखे हवेत : ५ ते १० टक्के गळती चांगली, २० च्या पुढे शंका. एकच सिलिंडर वेगळा पडला तर त्यालाच कॅमेरा दाखवा.

लिफ्टवर आणि रस्त्यावर

आपले स्पीडब्रेकर या गाडीचे वैरी. खालची प्लास्टिकची आवरणे आहेत का, की घासून निघाली म्हणून फेकून दिली? सायलेन्सर, संपचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) तळ, जॅक लावायच्या जागा पाहा. रिमची आतली कड फिरवून बघा, खड्ड्याचा मार तिथे दिसतो, बाहेरून रिम चकाचक असतो. हळू वेगात स्पीडब्रेकर ओलांडताना कट-कट किंवा कुरकुर आली तर सस्पेन्शन आर्मचे बुश गेले आहेत. ब्रेक डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मोजा. पिवळे कॅलिपर म्हणजे सिरॅमिक ब्रेक, आणि त्यांच्या डिस्कची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते.

रंगाची जाडी मोजताना एक खाच आहे. ९८१ चे दरवाजे, पुढचे-मागचे झाकण ॲल्युमिनियमचे आहेत. चुंबक चिकटत नाही म्हणून ‘लांबी (पुट्टी) भरली आहे’ असा निष्कर्ष काढू नका, आणि फक्त लोखंडावर चालणारा स्वस्त मीटरही नेऊ नका. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. २०० च्या पुढे पुन्हा रंगवलेला, ४००-५०० दिसले तर खाली लांबी. एखादा बंपर रंगवलेला असणे हे आपल्या रस्त्यांवर पाप नाही. छताचा खांब किंवा पुढच्या डिकीचा तळ रंगवलेला असेल तर आहे.

पीडीके गरम झाल्यावर तपासा. चढावर ब्रेक सोडून हळू सुटताना हिसका नको, रिव्हर्स लागताना धडका नको. गिअर जाऊन डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा आला तर बहुतेकदा आतला सेन्सर गेलेला असतो. यावर पूर्वी अख्खा गिअरबॉक्स बदलायचे. आता सेन्सर बदलणारे आहेत, पण आपल्या शहरात असे कोण आहे ते आधी शोधा.

कागद, जिथे खरी फसगत होते

आरसी, चॅसिसवरचा क्रमांक, काचेखालचा क्रमांक आणि विम्यावरचा क्रमांक, चारही जुळवा. चॅसिस क्रमांकाचे दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. ‘ई’ म्हणजे २०१४.

गाडी भारतातल्या अधिकृत विक्रेत्याने विकलेली असेल तर मूळ बिल पुरेसे. खासगी आयात असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या नोंदीचा कागद, आणि भरलेल्या सीमाशुल्काची पावती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर करमाफीत गाड्या आणून त्या इतरांना विकण्याचा प्रकार महसूल गुप्तचर संचालनालयाने २०२१ मध्ये उघड केला होता. शुल्क चुकवलेली गाडी जप्त होते ती आज ज्याच्या दारात उभी आहे तिथून. कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या अटीवर शुल्क न भरता, तात्पुरती आणलेली गाडी तर इथे विकताच येत नाही.

पुदुच्चेरी, झारखंड, हिमाचल अशा पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे कर कमी भरलेला असतो. महाराष्ट्रात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी आणि इथला कर. इथल्या एकरकमी कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे. जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण आकडा आरटीओकडून काढून घ्या, एजंटच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका. दिल्लीत १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा नियम आला; त्या उंबरठ्यावरच्या तिथल्या गाड्या स्वस्त का असतात हे वेगळे सांगायला नको.

नावावर करताना नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातून आणायची तर नमुना २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह नमुना ३५. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर संचालक मंडळाचा ठरावही लागतो. थकीत ई-चलान ऑनलाइन पाहा. द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांनी अशा गाड्यांच्या नावावर बरेच काही लिहून ठेवलेले असते.

विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस बघा. सलग पाच वर्षे दावा नसेल तर तो ५० टक्के असतो. ‘एक ओरखडा नाही’ म्हणणाऱ्या मालकाचा बोनस शून्य किंवा २० असेल, तर अलीकडे दावा झाला आहे. विमा कंपनीकडून तपशील मागवायला त्यालाच सांगा. हा बोनस माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही, त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल.

टोकन देताना एका कागदावर दोन ओळी लिहून घ्या : अधिकृत केंद्रातील किंवा आपण निवडलेल्या गॅरेजमधील तपासणीत ठरावीक रकमेपेक्षा मोठा दोष निघाला तर टोकन परत, आणि एनओसी मिळेपर्यंत उरलेली रक्कम नाही. किमतीच्या १० ते १५ टक्के पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवता येत नसतील तर एक पायरी खालचे मॉडेल घ्या.

ताबा घेताना दोन्ही किल्ल्या लावून बघा. पुढच्या डिकीत पंक्चरचे सीलंट, हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि चाकाच्या लॉक बोल्टची छोटी खाचेदार सॉकेट आहे का पाहा. बहुतेक गाड्यांना स्टेपनी नसते, आणि ती सॉकेट हरवली असेल तर रात्री खोपोलीजवळ मिळालेला पंक्चरवालाही चाक उतरवू शकत नाही.